नांदेडहून आणलेली रॅम

दिवाळीच्या तोंडावर माझं लेकरू पोटातच गेलं. सातवा महिना सरत आला होता. मुलगी होती. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी राहिलेलं ते पहिलंच. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा हिंगोलीच्या बाजारात आकाशकंदील टांगलेले होते, आणि रिक्षावाला प्रत्येक खड्ड्याला मागं वळून विचारत होता, "ताई, लागलं न्हाई ना?" मला काहीच लागत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर गाल बधिर करतात, तेव्हा बोटाला गाल कळतो पण गालाला बोट कळत नाही. माझं सगळ्या अंगाचं तसं झालं होतं. आणि ते उतरेचना. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी नाही.

घरात आम्ही तिघं. माझे मिस्टर एस.टी.त ड्रायव्हर आहेत, हिंगोली-नांदेड गाडीवर. सासूबाई एरवी कनेरगाव नाक्याजवळच्या खेड्यात थोरल्या दिरांकडे राहायच्या. माझं असं झाल्याचं कळलं तशा आल्या आणि राहिल्याच. त्यांना मी आत्याबाई म्हणते. माझं माहेर वसमतकडचं, त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं 'मले' आणि 'तुले' ऐकून मला हसू यायचं. आता यायचं नाही. त्या भाकरी करायच्या, मी खायची. त्या म्हणायच्या, "आंघोळ करून घे माय," मी करायची. सांगितलं नसतं तर केली नसती, एवढाच फरक.

मी घरी मराठी टायपिंग करते. शाळांच्या, क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका. सर लोक हातानं लिहून त्याचा फोटो मोबाईलवर पाठवतात, मी टाईप करून परत पाठवते. समोरच्या खोलीत खिडकीखाली कॉम्प्युटर आहे. एक क्लास बंद पडला तेव्हा त्यांच्याकडून घेतलेला, म्हणजे आमच्याकडे आला तेव्हाच जुना. पण त्याची आणि माझी बोटं जुळली होती. मराठी टायपिंगचं एक जुनं सॉफ्टवेअर त्यात होतं, टाईपरायटरसारखी अक्षरं असलेलं. डोळे मिटून पेपर काढायचे मी त्यावर.

दवाखान्यातून आल्यावर तो मी लावलाच नाही. आत्याबाईंनी त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकून ठेवला होता. संक्रांतीनंतर एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. चांगले गृहस्थ, बरीच वर्षं माझ्याकडूनच पेपर करून घेतात. म्हणाले, "ताई, तब्येत बरी असेल तर घटक चाचणीचे पेपर कराल का? नसेल तर राहू द्या." मी "करते" म्हणाले. "नाही" म्हणायचं तर त्यालाही काहीतरी वाटावं लागतं.

कॉम्प्युटर लावला. सुरू व्हायला एवढा वेळ लागला की मी मधेच उठून तांदूळ निवडून आले. मग मोबाईलवर आलेले फोटो मोठ्या पडद्यावर बघावेत म्हणून उघडायला गेले तर सूचना आली. तुमचा कॉम्प्युटर जुना आहे, यावर हे आता चालणार नाही, नवीन करून घ्या. मी ती वाचली आणि तशीच बघत बसले. मिस्टर ड्युटीवरून आले तोवर सूचना तिथंच आणि मीही तिथंच.

त्यांनी ती उभ्यानंच वाचली. "आपण ह्याले नवा करू," म्हणाले.

"नवा घ्यायचा?"

"नवा घ्यायचा न्हाई. ह्यालेच नवा करायचा. आमच्या डेपोत एकानं केला हाय. आतलं सामान बदलते, वरून नवीन विंडोज टाकते."

बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. माझं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. कॉम्प्युटरचं काय करावं हे दुकानदार सांगू शकत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांची दुपारपाळी होती. सकाळीच स्कूटीवर निघालो. मागं बसून मांडीवर कॉम्प्युटरचा तो लोखंडी डबा धरायचा, लुगड्याच्या त्याच तुकड्यात गुंडाळलेला. जड होता. खड्डा आला की मी दोन्ही हातांनी तो पोटाशी ओढून घ्यायची. शेजारची बाई दारात उभी होती, ती बघून आत गेली. काहून गेली ते मला पुढच्या चौकात कळलं: लुगड्यातला तो डबा मी लेकरासारखा धरला होता. कळलं, पण झालं काहीच नाही. मी डबा थोडा सैल धरला.

दुकानदारानं झाकण उघडलं तर आत धुळीचा गालिचाच होता, आणि पालीच्या अंड्यांची टरफलं. "मॅडम, हा चालू होतो हेच नवल," तो म्हणाला. मग त्यानं सांगितलं ते असं. यात नवीन विंडोज बसेल, पण रॅम कमी आहे. रॅम म्हणजे हिरवी पट्टी असते, बोटभर रुंदीची. ती वाढवली की मशीन पळेल. पण या जातीची रॅम आता येत नाही, हिंगोलीत तर नाहीच. "मी मागवतो. उद्या पक्कं."

तो 'उद्या' काही आला नाही. फोन केला की दुकानदार म्हणायचा, "गाडीत हाय मॅडम, पोचूनच राहिली." मग त्यानं फोन उचलणंच सोडलं. मिस्टर एक दिवस तिथून डबा उचलून घेऊन आले. "मी रोज नांदेडले जाऊन राहिलो," म्हणाले, "मीच आणतो ना. त्यात काय विमान उडवायचं हाय?"

नांदेडला गाडी परत फिरायच्या आधी थोडा वेळ मिळतो. त्या वेळात जेवण सोडून ते दुकानं हिंडले. पहिल्यांदा आणलेली पट्टी आखूड निघाली. ती लॅपटॉपची होती. दुसऱ्या फेरीला लांबीला बराबर असलेली आणली, पण तिची मधली खाच थोडी इकडं आणि आमच्या डब्यातला दात थोडा तिकडं. मिस्टरांनी जमिनीवर बसून ती हरप्रकारे बसवून पाहिली. एस.टी.चा गिअर टाकणारा हात, त्यांना वाटत होतं जोर लावला की बसेल. आत्याबाई म्हणाल्या, "मोडशील रे." तेव्हा थांबले.

तिसऱ्या वेळेला त्यांनी जुनी पट्टीच काढून खिशात नेली, दुकानदाराला दाखवायला. त्या दिवशी वारंगा फाट्यावर गाडी चहाला थांबली तिथून फोन आला. मागं हॉटेलवाल्याच्या हाका, भज्यांच्या कढईचा आवाज. "मिळाली! ह्या वेळेस बराबर हाय. जुन्या मालातून काढून देल्ली त्यानं. ऐकून राहिलीस ना?"

"व्हय," मी म्हणाले.

ते फोन धरूनच राहिले. मग म्हणाले, "ठिवतो. प्यासिंजर बसले." त्यांना माझ्याकडून आणखी एखादा शब्द पाहिजे होता हे मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी सगळा पसारा मांडला. बनियनवर, फरशीवर मांडी घालून, मोबाईल पाटाला टेकवून ठेवलेला. त्यात कुणीतरी हिंदीत सगळं समजावून सांगत होतं. काढलेले स्क्रू स्टीलच्या वाटीत. आत्याबाईंनी मधेच झाडू मारला आणि एक स्क्रू सुपलीत गेला. मग दोघं मायलेक कचऱ्यात बोटं घालून तो शोधत बसले. मिस्टर चिडले, आत्याबाई पुटपुटल्या, स्क्रू सापडला. मी खुर्चीवर बसून बघत होते. हे सगळं माझ्यासाठी चाललंय हे मला माहीत होतं. शेजारच्या घरात चालावं तसं ते मला दिसत होतं.

पट्टी बसली. खट् आवाज झाला तसे ते माझ्याकडं बघून हसले.

मग विंडोज. निळा पडदा, मधे गोल फिरणारे ठिपके आणि खाली टक्के. अर्ध्याच्या पुढं गेलं आणि लाईट गेली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा लाईट होती, पण मशीन एकाच आकड्यावर अडकलं. मिस्टर उठायचे, बाहेर जाऊन यायचे, "हाललं का?" विचारायचे. मी "न्हाई" म्हणायची. खरं सांगते, त्या दिवाळीपासूनचा माझा सगळ्यात बरा वेळ तो होता. समोर एक आकडा होता. तो हलत नव्हता आणि त्यानं हलावं असं मलाही वाटत नव्हतं. मला कुणी काही विचारत नव्हतं.

आत्याबाई शेजारी येऊन बसल्या. हळद शिजवायचे दिवस होते, त्या तांब्यात ताक घेऊन आल्या होत्या आणि गावाकडं कुणाची कढई कधी लागणार ते सांगत होत्या. मधेच त्यांनी पडद्याकडं बघितलं. "एवढा येळ हे काय करून राहिलं?"

"जुनं काढून नवीन टाकायलंय."

"जुनं समदंच काढते?"

"न्हाई. आपलं सामान ठेवतं म्हणतात."

दुपार कलली तेव्हा ते झालं. पडदा उजळला, मराठीत 'स्वागत' आलं. मोबाईलवरचे फोटो पटकन उघडले. मिस्टरांनी उभं राहून कमरेवर हात ठेवले. "आता बोल! पळून राहिलं का न्हाई?" आत्याबाईंनी कुंकवाची कोयरी आणली आणि डब्याला बोट लावलं. मीही खुर्ची पुढं ओढली आणि जुने पेपर ठेवलेला कप्पा उघडला.

पेपर होते. एकही गेला नव्हता. पण उघडला की आत मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, उलटेपालटे स्वल्पविराम. ओळीच्या ओळी. दुसरा उघडला, तसाच. चौथीचा परिसर अभ्यास, सातवीचं मराठी, सगळं तसंच. टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडायला गेले तर खोका आला, हे या कॉम्प्युटरवर चालणार नाही. मिस्टरांनी दुकानदाराला फोन लावला. या वेळेला त्यानं उचलला. म्हणाला, "ते जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालतच न्हाई. मी सांगितलं होतं ना?" त्यानं सांगितलं नव्हतं. "जुनं विंडोज परत येईल का?" "त्याच्यावरच टाकलं ना तुमी. आता कुठून येईल?"

मिस्टर पुन्हा फरशीवर बसले. स्क्रू ड्रायव्हर अजून हातातच.

"माह्या हातानं गेलं," म्हणाले. "तुही इतक्या वर्षांची मेहनत. मीच नवा करू नवा करू म्हणून राहिलो. चालू होतं ते बी गेलं."

"जाऊ द्या," मी म्हणाले. "परत टाईप करीन."

"जाऊ द्या काय? तू प्रत्येकच गोष्टीले जाऊ द्या म्हणून राहिली!"

आणि ते रडायला लागले. लग्नानंतर मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आधी खांदे हलले, मग आवाज आला. असा मोठा, की आत्याबाई कणकेचे हात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मी पाणी आणायला उठले.

"बस तू," आत्याबाई मला म्हणाल्या. "पाणी नको देऊ. रडू दे त्याले. दवाखान्यात न्हाई रडला. लेकरू मातीत ठिवून आला तवा बी न्हाई. सीधा ड्युटीवर गेला."

हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा दवाखान्यात होते, गुंगीत. मी परत खुर्चीवर बसले. थोड्या वेळानं मी विचारलं, "कुठं ठेवलं?"

त्यांनी मनगटानं नाक पुसलं. "कयाधू नदीच्या अंगाले. एक बाभळ हाय. दगड ठिवला वरून, मोठा."

"कशात?"

"तुही पिवळी ओढणी होती पिशवीत. दुसरं काही नव्हतं जवळ."

ती ओढणी मी नंतर शोधली होती. दवाखान्यात राहिली असेल असं वाटलं होतं.

"सांगितलं न्हाई तुमी," मी म्हणाले.

"तू विचारलं न्हाई."

एवढंच झालं. आत्याबाई तिथंच उंबऱ्यात बसल्या, हातावरची कणीक वाळत चालली होती.  मला रडू आलं नाही. ओढणीचा रंग मात्र दिसत राहिला, आणि तिचं एक टोक शिवणीत उसवलेलं होतं ते. मिस्टर उठले, स्क्रूची वाटी उचलून फळीवर ठेवली, तोंड धुतलं आणि मला विचारून दोघांसाठी चहा टाकला. तिसरा कप आत्याबाईंनी स्वतःच ओतून घेतला.

पुढच्या दिवसांत मी नवं टायपिंग शिकले. जुन्या सॉफ्टवेअरची अक्षरं, म्हणजे फॉन्ट, कुठल्याशा कप्प्यात सापडली, ती नव्या विंडोजमधे टाकली तेव्हा पेपरांत मराठी परत दिसायला लागलं. पण सगळं नाही. जोडाक्षरं तुटलेली, 'प्रश्न'चा भलताच शब्द झालेला. ते दुरुस्त करण्यापेक्षा पुन्हा लिहिलेलं बरं. आणि लिहायचं तर नवा कीबोर्ड. माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली जन्मभर 'क' होता. तो आता उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली गेला होता. सवयीनं 'क' मारायला जावं तर ठिपक्यांच्या रिकाम्या गोलाखाली पाय मोडल्याची खूण उमटायची. 'कारणे द्या' एवढं लिहायला मला शाळेतल्या पोरापेक्षा जास्त वेळ लागायला लागला. दोन क्लासवाल्यांनी वाट बघून दुसरीकडं काम दिलं. मुख्याध्यापक मात्र थांबले. "सावकाश करा ताई," म्हणाले. "फक्त परीक्षेच्या आधी."

मी रोज बसायचे. सकाळचं आवरलं की बसायचे, ते आत्याबाई जेवायला हाक मारेपर्यंत. काम होतं म्हणून करत होते. चुकलं तरी राग येत नव्हता, बरोबर आलं तरी बरं वाटत नव्हतं. खोडायचं, लिहायचं.

वार्षिक परीक्षा जवळ आली तेव्हाची गोष्ट. सहावीच्या विज्ञानाचा पेपर होत आला होता. सगळ्यात अवघड पेपर, आकृत्या आणि रकाने असलेला. शेवटचा प्रश्न राहिला होता. कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आत गेले. बाहेर आले तर पडदा निळा. ठिपके फिरून राहिलेले.

मिस्टर शेजारी उभे होते, ड्युटीचे कपडे घातलेले, चेहरा खुशीत. "ते खाली सांगून राहिलं होतं, अपडेट करून पुन्हा सुरू करा. म्हणलं तुले तकलीफ नको, मीच दाबलं."

"पेपर सेव्ह केला होता का?"

"कोणता पेपर?"

मग माझ्या तोंडून काय काय निघालं ते मला सगळं आठवत नाही. "कोणी सांगितलं होतं बटन दाबायला?" इथून सुरुवात झाली. कळत नाही तर हात कशाला लावता, मला विचारायला काय झालं होतं, मी काय मेले होते का आतमधे, मला न विचारता सगळं कसं करता तुम्ही, सगळंच, तेव्हाही मला उठवलं नाही, दाखवलं नाही, एकदा दाखवायचं होतं मला, मी आई होते ना तिची. माझा आवाज खिडकीतून बाहेर जात होता. शेजारची बाई परत दारात आली असणार. मी कीबोर्ड उचलला होता असं आत्याबाई सांगतात. आपटला नाही, धरून ठेवला. घसा चिरत गेला तरी मी ओरडतच होते.

 मिस्टरांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणले होते नका दाखवू. मले बी वाटलं तुह्यानं सोसवणार न्हाई."

"तुमाला दिसली ती. मला न्हाई दिसली."

"केस होते," ते म्हणाले. "लई केस होते डोक्यावर. तुह्यावानी कपाळ."

त्यांची गाडीची वेळ होत होती. ते तरी थांबले. मी रडले, पण फार नाही. रडून मोकळं होतं म्हणतात, तसलं काही झालं नाही. घसा दुखत होता आणि उजव्या मनगटात कळ येत होती, इतकंच जाणवत होतं. पण जाणवत होतं. मिस्टर गेल्यावर मी जेवायला बसले आणि आत्याबाईंना म्हणाले की आमटी खारट झाली आहे.

"व्हय, झाली," त्या म्हणाल्या. "तीन दिवस झाले खारट करून राहिली मी. कोणी बोलंचना."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्यांनी आपलं लुगडं-चोळी पिशवीत भरलेलं. हळदीची कामं पडली आहेत, दिराकडं माणूस नाही, असं सांगायला लागल्या. मी विचारलं, "आत्याबाई, माझं काही चुकलं का? काल मी तुमच्या लेकाला लई बोलले."

"बोललीस ना. मंग?" त्यांनी पिशवीची गाठ मारली. "आता तुमी दोघं भांडा. मी मधात कायले पाहिजे?"

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. वाशिमची गाडी लागलेली होती, कनेरगाव नाक्याला उतरणाऱ्यांची गर्दी होती. त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी निघेपर्यंत त्या कंडक्टरशी आपल्या गुडघ्याबद्दल बोलत होत्या. माझ्याकडं बघून हात हलवला, तोही गाडी वळल्यावर.

घरी आले. घर मोठं वाटलं आणि ते मला आवडलं नाही. कॉम्प्युटर लावला. विज्ञानाचा पेपर पहिल्या प्रश्नापासून लिहायला घेतला, प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करत. संध्याकाळी पाठवला. थोड्या वेळानं मुख्याध्यापकांचा फोन आला, रकान्यांच्या प्रश्नात एका ठिकाणी 'हृदय'चा 'ह' राहिला आहे म्हणून. मी बघितलं, खरंच राहिला होता. दुरुस्त करून परत पाठवला.